काखेतला सेनापती

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांना घाबरवणं सोपं नव्हतं. त्यांच्या शेजारी बसून लोकांनी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला होता, एकेरी रस्त्यात उलटी गाडी घातली होती. एका गृहस्थांनी तर भर चौकात स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते. मास्तर आपल्या पायाखालचा जादाचा ब्रेक हळूच दाबायचे आणि म्हणायचे, "छान. आता हेच डोळे उघडून करू." असा माणूस रोज सकाळी जीव घेऊन पळायला लागला तो एका कोंबड्यापायी.

कोंबडा सासूबाईंचा. स्वतःचं घर बंद करून त्या लेकीकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा सोबत एक ट्रंक, काही कोंबड्या आणि हा तांबडा, झुपकेदार शेपटीचा नवाब घेऊन आल्या. त्याचं नाव सेनापती. मागच्या अंगणात खुराडं उभं राहिलं आणि सासूबाईंच्या राज्यात सगळं सुरळीत चाललं. मग बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये अडकला. मास्तरांची बायको इस्पितळात नर्स, तिची सकाळची ड्युटी. अंडी काढायचं काम आपसूक जावयाच्या गळ्यात पडलं.

पहिल्या सकाळी मास्तर वाडगा घेऊन थेट कोंबड्यांच्या घोळक्यातून खुराड्याकडे निघाले. सेनापती एक पंख जमिनीला टेकवून, तिरका तिरका चालत सामोरा आला.

"वा! काय सुंदर नाचतोय," मास्तर म्हणाले.

पुढच्या क्षणी तो नाच त्यांच्या पोटरीवर होता. पायामागची अणकुचीदार नखी पँटमधून आरपार गेली. मास्तर वाडगा टाकून पळाले ते थेट स्वयंपाकघरात. बाहेर सेनापतीनं छाती काढून अशी बांग दिली की सगळ्या गल्लीला निकाल कळला.

तिथून युद्धच पेटलं. दुसऱ्या दिवशी मास्तर झाडू घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं धरून. एकदा रागाच्या भरात लाथही झाडून पाहिली. ती लागली नाही, पण सेनापतीनं ती मनाला लावून घेतली. आता तो दाराची कडी वाजली की धावत यायचा. सासूबाई खिडकीत बसून समालोचन करायच्या.

"जावईबापू, डावीकडून आला! अहो, तुमच्या डावीकडून! माझ्या नव्हे!"

हसून हसून त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागत.

"मी दिवसभर अपघातातली माणसं बघते," पोटरीला मलम लावता लावता बायको म्हणाली. "त्यातल्या एकालाही कोंबड्यानं आडवं पाडलेलं नाही."

"आता या घरात तो तरी राहील, नाहीतर मी."

बायको मलमाचं झाकण सावकाश फिरवत राहिली.

"विचार करतेयस की काय?"

"अंड्यांचाही प्रश्न आहे ना."

"अगं, अंडी तो देत नाही!"

"तूही देत नाहीस."

हे बोलणं भिंतीपलीकडे पोचलं असावं. रात्री जेवताना सासूबाईंनी मान वर केली नाही. शेवटी भातात बोट फिरवत म्हणाल्या, "खाटकाला देऊन टाका त्याला. तुमचंही बरोबर आहे. रोज रक्त काढायचं म्हणजे काय." जरा थांबून पुढे म्हणाल्या, "तिकडे सगळं माझं ऐकायचं. माणसं, भाडेकरू, शेजारीपाजारी. आता एवढा एकच उरलाय." आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठल्या.

मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला. ते त्यांच्या मागोमाग गेले आणि दाराबाहेरूनच म्हणाले, "आई, खाटकाचं नाव काढू नका. मी बघतो काय करायचं ते."

काय करायचं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. कळलं ते सुट्टीच्या दिवशी, बायकोनं त्या सकाळी घरी असताना मोबाइलवर घेतलेल्या चित्रणातून. ती ते बहिणींना पाठवून मोकळी झाली होती, आणि आता तिघं कोचावर बसून बघत होती. पडद्यावर मास्तर कोपरं फाकवून, मान पुढे काढून, तिरके तिरके उड्या मारत होते. समोर सेनापती हुबेहूब तेच करत होता.

"थांब, मागे घे जरा," मास्तर म्हणाले. पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, हे तर दोन कोंबडे आहेत."

"मग तेच तर!" सासूबाई म्हणाल्या. "तो म्हणतो, ये लढायला. तुम्ही म्हणता, आलो. आणि मग पळता. म्हणजे तो जिंकला. जिंकलेला कोण गप्प बसेल?"

"हे आधी का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "इथे आल्यापासून मी तेवढंच हसत होते हो," त्या पुटपुटल्या.

मग त्यांनी रीत सांगितली. जाड पँट आणि गमबूट घालायचे. कोंबड्यांच्या मधून जायचं नाही, कडेकडेनं जायचं. तो आला की पळायचं नाही, मारायचंही नाही, खांबासारखं उभं राहायचं. मग शांतपणे उचलायचं, पंख मिटून काखेत धरायचं आणि फिरायचं. "तडफडणं थांबून अंग सैल पडेपर्यंत सोडायचं नाही. तडफडत असताना सोडलात, की तो समजणार आपणच सुटलो."

दुसऱ्या सकाळी सेनापती बुटांवर तीनदा आदळला. मास्तर हलले नाहीत. चौथ्यांदा त्याच्यावर मास्तरांच्या खांद्यावरचा टॉवेल पडला आणि तो काखेत गेला. एवढ्यात फाटक वाजलं. मास्तरांकडे गाडी शिकणाऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दुपारी त्यांची लायसन्सची परीक्षा, म्हणून शेवटचा तास सकाळीच ठरला होता. माणसांचे दात त्या सहज उपटायच्या, पण गाडी चालवताना सायकल दिसली तरी करकचून ब्रेक मारायच्या.

"मास्तर, हे काय?"

"अजून सैल पडला नाही. सोडता येत नाही. बसा गाडीत तुम्ही."

"कोंबडा घेऊन?"

"हळू चालवा म्हणजे झालं. धक्का बसला तर तो माझ्या हातून निसटेल, आणि मग आपण तिघंही याच गाडीत आहोत."

बाईंनी पट्टा आवळला आणि क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाल्याचं मास्तरांना घर मागे गेल्यावर कळलं. चौकात सायकल आडवी आली, ब्रेक लोण्यासारखा लागला. सिग्नलला सेनापतीनं काचेला चोच लावून सणसणीत बांग दिली. शेजारच्या बसमधली सगळी डोकी वळली. बाई मात्र दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुटपुटत होत्या, "त्याला धक्का नको, त्याला धक्का नको." बाजाराच्या वळणावर काखेतलं अंग हळूहळू सैल झालं. मान खाली गेली. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. पिसं उबदार होती आणि त्यांच्याखाली छाती धडधडत होती. हाही घाबरतो तर, त्यांना वाटलं.

दुपारी बाईंचा फोन आला. पास! परीक्षकानं गाडी फार शांत चालवता म्हणून शाबासकी दिली होती.

सेनापतीचा संत काही झाला नाही. पंधरवडाभर रोज सकाळी काखेतली फेरी झाली, मधे एकदा पुन्हा नखी लागली, पण हळूहळू तो दोन हात अंतर ठेवून चालू लागला. मास्तर अंडी काढायचे, तो पाठ फिरवून जणू आपल्या परवानगीनंच चाललंय असा उभा राहायचा. सासूबाईंचं प्लास्टर निघालं, तरी अंडी कोणी काढायची हा विषय घरात कुणी काढला नाही. त्या आता खिडकीऐवजी पायरीवर बसायच्या.

एके दिवशी विजेचं मीटर बघणारा माणूस मागच्या बाजूनं अंगणात शिरला आणि सरळ कोंबड्यांच्या मधून निघाला. सेनापतीनं पंख टेकवला.

"पळू नका!" मास्तर दारातून आपल्या शिकवायच्या आवाजात म्हणाले. "शांत. खांबासारखं उभं राहा. खोल श्वास घ्या."

तोवर मीटरवाला पाण्याच्या टाकीवर चढलेला होता.

"छान," मास्तर म्हणाले. "आता हेच खाली उतरून करू."

पायरीवर सासूबाईंनी चष्मा काढला होता.