डाव्या गालावरची चंद्रकोर

शुक्रवारी संध्याकाळी लंडनजवळच्या पिनरच्या घरात बाबांनी जेवणाच्या टेबलावर कासवांचे फोटो मांडले होते. हिंदी महासागरातल्या एका बेटावर कासवं जपणाऱ्या संस्थेकडून ते दर महिन्याला यायचे. प्रत्येक कासवाच्या गालावरच्या खवल्यांची ठेवण वेगळी. ती जुन्या फोटोंशी ताडून कासव ओळखायचं, नवं असेल तर नवा नंबर द्यायचा. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यापासून बाबांनी हे काम अंगावर घेतलं होतं.

"चंदाबाई यंदाही नाही," ते म्हणाले. डाव्या गालावर चंद्रकोरीसारखं खवलं असलेली ही मादी सहा वर्षं दिसली नव्हती. "जाळ्यात सापडली असणार."

"आईची कधी एवढी वाट पाहिली नाहीत, बाबा," त्यांची मुलगी ईशानी म्हणाली.

"तुझी आई वेळेवर यायची."

ती हसली, पण तिने फोटोंकडे पाहायचं टाळलं. दोन वर्षांपूर्वी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा एका महिन्याचा फोटोंचा गठ्ठा तिने तपासला होता. म्हणजे तपासला नव्हता. कंटाळून तिने अकराही कासवांपुढे 'नवीन' लिहून टाकलं होतं.

"तू पाहिलंयस ना? मग मी परत कशाला बघू," म्हणत बाबांनी तेव्हा फाइल मिटली होती आणि कार्डिफच्या उदयकाकांना फोन लावला होता. "अरे, अकरा नव्या! बेट सावरतंय!" त्या आवाजापुढे तिची जीभ रेटली नाही. पुढे संस्थेच्या अहवालातही ते अकरा गेले, आणि कासवं वाढली असं समजून त्या किनाऱ्यावरची गस्त कमी झाली.

शनिवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी संस्थेने फाइली परत मागितल्या. द्यायच्या आधी ईशानीने तो गठ्ठा काढला आणि बाबांचं भिंग घेऊन एकेक गाल जुन्या फोटोंशी ताडत बसली. अकरांतल्या दहा जुन्याच निघाल्या. सातव्या फोटोपाशी तिचा हात थांबला. गालावर चंद्रकोर होती. वाळूने माखलेली, पण स्पष्ट.

तिने संस्थेला सगळं लिहून पाठवलं. मग बाबांच्या खुर्चीसमोर तो फोटो ठेवला. घरात कुणी नव्हतं, तरी ती मोठ्याने बोलली.

"बाबा, चंदाबाई आली होती. मी पाहिलंच नव्हतं. पाहिलंय असं तुमच्याशी खोटं बोलले."