ते आमच्यात न्हाईत

हिमायतनगरच्या रस्त्यावरल्या त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण मंडळ्या दोन झाल्या होत्या. रामकिशन जुन्या दगडी चर्चचा, त्यांच्या बोलीत देवळाचा, पंच. पाळक नांदेडहून महिन्यातून एकदा यायचे. एरवीची उपासना तोच चालवी. त्याचा धाकटा भाऊ व्यंकटी दोन वर्षांपूर्वी निम्मी घरं घेऊन बाहेर पडला. कारण काय, तर बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून द्यायचा की नदीत बुडवून. शब्दानं शब्द वाढला. आईच्या मातीलाही दोघांनी दोन वेगळ्या प्रार्थना केल्या. तेव्हापासून व्यंकटीची माणसं ओढ्यापलीकडं पत्र्याच्या शेडात ढोलकी वाजवून भजनं म्हणत, आणि इकडं रामकिशन देवळाच्या खिडक्या लावून घेई.

हिवाळ्याच्या तोंडाला एका दुपारी तो शिलाईच्या दुकानात शाळेच्या गणवेशाला काजं करत बसला होता. मोटारसायकलवरून दोघे उतरले. एक अनोळखी. दुसरा गावातलाच, खताच्या दुकानाचा मालक. त्याच्या लग्नातला कोट रामकिशननंच शिवला होता.

"मामा, तुमच्याबद्दल कुणाची तक्रार न्हाई," खतवाला म्हणाला. "तुमचं देऊळ आजोबाच्या काळचं हाय. पण ते पत्र्याखाली जमायलेत, ते तुमचेच का?"

रामकिशननं मान वर केली नाही. "ते आमच्यात न्हाईत."

खोटं काहीच नव्हतं त्यात. उलट, तसं सांगताना त्याला जरा बरंच वाटलं.

"बस, एवढंच पाहिजे होतं," अनोळखी माणूस म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात गिरणीवाल्यानं व्यंकटीच्या बायकोचं, अंबिकाचं, दळण परत पाठवलं. पट्टा तुटला म्हणाला. रामकिशनच्या बायकोला, केवळाबाईला, मात्र त्याच सकाळी पीठ मिळालं. तिनं डबा नवऱ्यासमोर आणून ठेवला. मग शेडाची वीज कुणीतरी तोडली. मग शेडाच्या दारात पेट्रोलची भरलेली बाटली सापडली, झाकण घट्ट लावलेली. पोलीस पाटलानं व्यंकटीचं सगळं ऐकून घेतलं आणि चहा पाजला. व्यंकटी रस्त्यानं निघाला की हॉटेलातलं बोलणं थांबायचं. तो पुढं गेला की पुन्हा सुरू व्हायचं.

शनिवारी खतवाला एकटाच दुकानात आला. "उद्या उपासना लवकर उरका मामा. मग घरात बसा. लेकरं बाहेर सोडू नका." आवाज अगदी मायेचा होता.

रामकिशन ओढा उतरून भावाच्या दारात गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"उद्या जमू नका," तो म्हणाला.

"त्यांनी धाडलं का तुला?" व्यंकटीनं विचारलं. "आम्ही जमणार. तू जा."

घरी केवळाबाई भाकरी थापत होती. "कोण कुणाचं हाय, हे त्यांनी कुणाला विचारलं होतं?"

"मला."

"मग तुम्ही काय बोल्लाव?"

त्यानं हात धुतले. तिनं ताट वाढून दिलं, पण ती स्वतः जेवली नाही.

रविवारी देवळात सगळे जमले. रामकिशननं पुस्तक उघडलं आणि मिटलं. "ओढ्यापलीकडं माणसं यायलीत, मारायला," तो म्हणाला. "ते आपले न्हाईत म्हणून मीच सांगितलं त्यांना. मी तिकडं चाललो. ज्याला यायचं त्यानं यावं."

काही जण उठले. बाकीचे खाली बघत राहिले.

शेडात अंबिकानं सतरंजीवर सरकून केवळाबाईला जागा केली. व्यंकटीच्या तोंडावर मात्र राग तसाच होता. "पाणी शिंपडून घेतलेले आज इकडं कसे?"

"बस खाली. भांडण उद्या करू," रामकिशन म्हणाला आणि दारात स्टूल टाकून बसला.

गाड्या आल्या तशी ढोलकी थांबली. गाड्यांवरून उतरलेल्या सगळ्यांच्या हातात दांडे होते. खतवाला थबकला. "मामा, उठा तिथून."

"आत माझा भाऊ हाय. उठत न्हाई."

अनोळखी माणसानं पहिला दांडा पत्र्यावर हाणला. आत लेकरं किंचाळली. दुसरा तडाखा रामकिशनच्या खांद्यावर बसला. तो पडला, पण दारातच आडवा पडला, आणि व्यंकटी धावत येऊन त्याच्यावर पालथा झाला. खतवाल्यानं त्या माणसाचा हात धरला. "राहू दे. यांचं नंतर बघू."

खांद्याचं हाड मोडलं होतं. नांदेडच्या दवाखान्यात नेताना व्यंकटीनं जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बाप्तिस्म्याचा वाद काही मिटला नाही; फक्त त्या वाटेवर कुणी काढला नाही.

आता केवळाबाईचंही दळण परत येतं. दोघी जावा ऑटोनं हिमायतनगरला जाऊन दळून आणतात. एक रविवार देवळात, एक शेडात, असे सगळे एकत्र बसतात. देवळातही ढोलकी वाजते आणि रामकिशनला अजून ती आवडत नाही.

खतवाला रस्त्यात भेटला की अजूनही मामा म्हणतो, खांद्याची चौकशी करतो. परवा त्यानं विचारलं, नाताळला तुम्ही सगळे कुठं बसणार.

"देवळात," रामकिशन म्हणाला. "सगळे."

"बरं झालं सांगितलं," खतवाला म्हणाला आणि गाडी चालू केली.