उंबऱ्यावरची भाकरी

शिकलेल्या माणसाला एक खाज असते. समोरचा रडत असला तरी आपल्याला काय काय ठाऊक आहे ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. यशपालला ती खाज जरा जास्तच होती.

कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत त्याच्याएवढं वाचलेलं कुणी नव्हतं. दिवसभर चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर, घरी आला की पुस्तकं. पालीतली सुत्तं झाली, मग चिनी, मग जपानी, मग तिबेटी, हिंदीतून हाताला लागेल ते. बुद्ध एकच, पण त्याच्या मागनं गेलेल्यांनी देशोदेशी किती वाटा पाडल्या, हे सांगायला लागला की थांबायचा नाही. म्हणून तर पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, वर्षावासातलं ग्रंथवाचन त्याच्याकडं होतं. रोज संध्याकाळी पांढऱ्या साड्या नेसून बाया विहारात यायच्या आणि तो वाचायचा.

आषाढात विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या नागूबाईचा सुमित गेला. टेंभुर्णीजवळ टेम्पो उलटला. एकुलता एक लेक. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळी वसाहत जमली, वंदना झाली, भाषणं झाली. अनित्य, अनित्य म्हणून ज्यानं त्यानं म्हातारीला झोडपून काढलं. पांगापांग झाल्यावर तिनं यशपालला हळूच विचारलं, "तू लई वाचलंयस बाबा. माझा लेक आता कुटं आसल?"

ठाऊक नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढंच म्हणायचं तर पुस्तकं कशाला वाचली? तो म्हणाला, "तिबेटात बुद्धाचीच माणसं हायत, मावशी. त्यांच्या ग्रंथात हाय की. गेलेलं माणूस सात आठवडे दोन जन्मांच्या मधल्या वाटंवर असतं. नाव घेऊन बोललं की त्याला ऐकू येतं."

म्हातारीचा चेहरा उजळला. यशपालची छाती फुगली. आपल्या वाचनाचा कुणाला तरी उपयोग झाला, असं मनाशी म्हणत तो घरी जाऊन पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवसापासून नागूबाईनं दाराला कडी लावणं सोडलं. विड्यांचं सूप बाजूला सारून ती संध्याकाळी उंबऱ्यावर ताट ठेवायची. कडक भाकरी, शेंगाचटणी. आणि हाक मारायची, "सुमित, ये रं बाबा. जेवून घे."

यशपालनं ती हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यानं गाडीचा वेग वाढवला. मग तो गाडी पुढच्या बोळातून काढायला लागला. आपले पाली ग्रंथ असं सांगत नाहीत, हे तिला एकदा सांगायला पाहिजे होतं. उद्या सांगू, परवा सांगू. असं करत सातवा आठवडा लागला.

त्या संध्याकाळी विहारात वाचन संपलं आणि अध्यक्ष रावसाहेब उठले. महापालिकेतून रिटायर झालेला माणूस. आवाज अजून हजेरी घेतल्यासारखा.

"नागूबाई, उभ्या ऱ्हावा. गल्लीनं तक्रार केलीय. तुमी रोज मेलेल्याला ताट वाढता म्हणं?"

नागूबाई उभी राहिली.

"आपल्या बापजाद्यांनी देव्हारे विहिरीत बुडवले ते हेच्यासाठी? हे श्राद्धच की! बावीस प्रतिज्ञा म्हणा सगळ्यांसमोर. पोरीबाळींना कळू दे."

"पितर घालतीया, दुसरं काय," मागून कस्तुराबाई पुटपुटली. दोघी-तिघी फिसकन हसल्या.

नागूबाईनं आईच्या काखेत बसून दीक्षा घेतली होती. प्रतिज्ञा तिला पाठ होत्या, ती झोपेतही म्हणाली असती. तिनं एकदाच यशपालकडं बघितलं. एक बोट दाखवलं असतं तर सुटली असती. तिनं नजर काढून घेतली आणि म्हणाली, "माझंच डोस्कं फिरलं हुतं, अध्यक्ष." आणि हात जोडून प्रतिज्ञा म्हणायला लागली.

यशपालच्या मांडीवर ग्रंथ उघडा होता. गप्प बसलं तर कुणालाच कळणार नव्हतं. उद्याही वाचायला तोच बसणार होता. श्राद्ध करणार नाही, ही प्रतिज्ञा आली आणि म्हातारीचा आवाज अडला.

"मी सांगितलं होतं त्यांना," यशपाल म्हणाला.

"काय?" रावसाहेब वळले.

"सात आठवड्यांचं. तिबेटी परंपरेत असं मानतात की मृत्यूनंतर चित्त…"

"त्ये तिबेट ऱ्हाऊ दे," नागूबाईनं त्याला तोडलं. "मला येवढंच सांग. माझं त्येला ऐकू जातंय का न्हाय?"



"मला माहीत नाही, मावशी."

"त्या दिवशी म्हाईत हुतं?"

"तवाबी नव्हतं."

"मग का सांगितलंस रं?"

 यशपालनं मांडीवरचा ग्रंथ मिटला. नागूबाईनं राहिलेल्या प्रतिज्ञा एका दमात, मोठ्यानं म्हटल्या, रावसाहेबांकडं न बघता, आणि चपला घालून निघाली.

"उद्यापासनं ग्रंथाला हात लावू नगस," रावसाहेब म्हणाले. तसं त्यांनी म्हटलं हे बरंच झालं, असं यशपालला वाटलं. शिक्षा मिळाली की माणसाला फिटल्यासारखं वाटतं. पण ही शिक्षा रावसाहेबांची होती, म्हातारीची नव्हती.

तो तिच्या मागोमाग गेला. तिच्या दारात ताट तसंच होतं, विहारात जायच्या आधी वाढलेलं; हाक तेवढी परत आल्यावर मारायची राहिली होती. ती वाकून ते उचलणार तेवढ्यात थांबली.

"मावशी, माझं चुकलं…"

"खा," ती म्हणाली. "अन्न टाकून देत न्हायत."

तो बाहेरच्या पायरीवर बसला. भाकरीचा तुकडा मोडला तसा कडकन आवाज झाला. चटणीनं घशाला जाळ लागला. पाणी मागायची हिंमत झाली नाही. ती दाराला टेकून त्याचं खाणं बघत होती. शेवटचा घास गेला तशी ती आत वळली, दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली.

सातवा आठवडा अजून सरायचा होता. त्या संध्याकाळी गल्लीत हाक आली नाही. रिकामं ताट हातात धरून यशपाल पायरीवर बसून राहिला. ते कुठं ठेवावं, त्याला कळेना.