डावीकडची बाटली

नॉर्माने बूच ओढलं तेव्हा ते अर्ध्यात तुटलं आणि उरलेल्याचा भुगा बाटलीत पडला. तिने वाईन स्वच्छ फडक्यातून काचेच्या चंबूत गाळली आणि चंबू खिडकीशी धरला. लाल रंग उरलाच नव्हता. कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली होती ती. नाकाशी नेताच सडक्या सफरचंदाचा आणि व्हिनेगरचा वास आला.

बाहेरच्या खोलीत तिचा नवरा दुइलिओ आणि थोरला दीर सिरिओ बसले होते. दुइलिओचा पलंग शेकोटीपाशी आणून ठेवला होता. घशाच्या आजारावरच्या उपचारांत त्याची चव गेली, वासही गेला, आणि आता डॉक्टरांनी उपचारच थांबवले होते. त्याने एवढंच मागितलं होतं : सिरिओला बोलवा, आणि पंच्याऐंशी सालच्या दोन बाटल्या उरल्यात, त्यांतली एक उघडा.

वडिलांनी टेकडीवर लावलेल्या सांजोवेसे या इथल्याच द्राक्षाच्या जुन्या वेली उपटून दुइलिओने तिथे काबेर्ने आणि मेर्लो लावली, तेव्हापासून सिरिओने या घराची पायरी चढली नव्हती. आपल्या मातीत फ्रेंचांची द्राक्षं कशाला, असं त्याने गावच्या बारमध्ये सगळ्यांदेखत विचारलं होतं आणि वाटणीत ऑलिव्हची बाग घेऊन तो वेगळा झाला होता. मग पंच्याऐंशी साल उजाडलं. जानेवारीत अशी थंडी पडली की ऑलिव्हचे बुंधे उभे चिरले. आजोबांनी लावलेली झाडं सिरिओने स्वतः करवतीने कापली. त्याच वर्षी दुइलिओच्या वेलींना कधी नव्हे अशी द्राक्षं धरली. त्या वाईनने घराला नाव मिळवून दिलं. पण त्या वर्षात दुइलिओ भावाच्या दारी एकदाही गेला नाही. गेलो तर मिरवायला आला असं वाटेल त्याला, असं तो म्हणायचा. नॉर्माला ते कधीच पटलं नव्हतं.

दुसरी बाटली काढावी की काय, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात बाहेरून दुइलिओने हाक मारली. ती चंबू घेऊन गेली आणि तिने दोन पेले भरले. दुइलिओने आपला पेला नुसता हातात धरला. सिरिओने पेला उचलला, आणि वर नेता नेता त्याचा हात क्षणभर थांबला. त्याने नॉर्माकडे पाहिलं. ती टेबलावरच्या कापडाची सुरकुती सारखी करत राहिली.

सिरिओच्या जिभेला हाड नव्हतं. प्रवचन कंटाळवाणं झालं, हे तो पाद्रीबाबांनाही तोंडावर सांगायचा. त्याने घोट घेतला, तोंडात धरला आणि गिळला.

“कशी आहे?” दुइलिओने विचारलं.

“जड आहे. जेवताना दुसरा पेला जायचा नाही. फ्रेंचांना ठीक आहे.”

दुइलिओ वाट पाहत राहिला.

“पण वाईन आहे,” सिरिओ म्हणाला. “नाही म्हणता येणार नाही.”

“तुझ्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.”

सिरिओने पेला संपवला आणि पुन्हा पुढे केला.

“दुसरा जायचा नाही म्हणालास ना?” नॉर्मा हळूच म्हणाली.

“बोलावून आणलंयत, तर ओत.”

शेकोटीतलं लाकूड खाली बसलं.

“त्या जानेवारीत मी यायला हवं होतं,” दुइलिओ म्हणाला.

“आला असतास तर करवतीचं दुसरं टोक धरायला माणूस मिळाला असता,” सिरिओ म्हणाला. त्यात राग नव्हता. जाताना त्याने भावाच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

नॉर्मा पेले उचलू लागली तेव्हा दुइलिओ डोळे मिटून पडला होता.

“रंग पाहिला मी,” तो म्हणाला. “डोळे अजून शाबूत आहेत माझे.”

तिने उचललेला पेला पुन्हा टेबलावर ठेवला.

“सिरिओ दोन पेले प्यायला,” तो म्हणाला. “तोंड वाकडं न करता.”

पुढच्या आठवड्यात दुइलिओ गेला. दफनानंतर आलेली माणसं पांगली, तरी सिरिओ स्वयंपाकघरातच बसून राहिला. नॉर्मा तळघरात गेली आणि राहिलेली बाटली घेऊन आली.

हे बूच अख्खं निघालं. वाईन गडद लाल होती, कडेला जराशी विटकरी. ओतता ओतताच पिकलेल्या आलुबुखाराचा, देवदाराच्या लाकडाचा, तंबाखूच्या पानाचा वास खोलीभर झाला. सिरिओने घोट घेतला. मग पेला खाली ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून तो तसाच बसला.

“त्या दिवशी मी डावीकडची उचलली,” नॉर्मा म्हणाली. “दोन्ही सारख्याच दिसत होत्या.”

सिरिओने मान हलवली. तिनेही पेला भरून घेतला. दोघांनी सावकाश बाटली संपवली.

खिडकीतून टेकडी दिसत होती. वेलींवर गेल्या हंगामाच्या काड्या तशाच गुंतून पडल्या होत्या, आणि फेब्रुवारी सरत आला होता.

“छाटणी राहिली?” सिरिओने विचारलं.

“सगळीच. बरं वाटलं की करतो, म्हणत होता.”

सिरिओने काळा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. बाह्या दुमडल्या. दाराशी खुंटीवर दुइलिओची कात्री होती, ती काढून त्याने उघडमिट करून पाहिली आणि तो उंबऱ्याशी थांबला.

“आधी कोणती घ्यायची?” त्याने विचारलं. “मेर्लो, की ती दुसरी?”