मिनिटाला एकतीस फेरे

दशरथ परबांच्या तोंडात गेले आठ महिने एकच शब्द होता: झकास. चहा झकास, आमटी झकास, अकराव्या मजल्यावरचा वारा झकास. जावयाच्या घरात राहणारा म्हातारा दुसरं बोलणार तरी काय? घाटकोपरची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डरने दोन वर्षं सांगितली, आणि मुलगी श्रुतिका त्यांना हाताला धरून मुलुंडला आपल्या घरी घेऊन आली. बरोबर कपड्यांची एक बॅग आणि जुना रेकॉर्ड प्लेअर.

त्या प्लेअरनेच घात केला म्हणा ना!

जावई सर्वेश माणूस सोन्यासारखा. वाईट असता तर एकदा भांडून मोकळं तरी होता आलं असतं. त्याने पहिल्याच रविवारी प्लेअर उघडला आणि म्हणाला, "बाबा, मशीन क्लासिक आहे हो, पण आतून पार वाट लागलीय." नवी सुई बसवली. "फरक कळतो?" दशरथ म्हणाले, "झकास!" झालं, तिथेच फसले. पुढच्या महिन्यात नव्या वायरी आल्या. मग ताटलीवरचं रबर गेलं आणि लोकरीची चकती आली. मग सुईचा दांडाच बदलला. दर वेळी सर्वेश समोर मांडी घालून बसायचा, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखं तोंड करायचा, आणि दर वेळी ह्यांच्या तोंडून तेच निघायचं. जितकं कौतुक करावं तितका ह्यांचा प्लेअर कमी कमी होत चालला. आता जुनं म्हणावं असं लाकडी पेटी आणि मोटर एवढंच उरलं होतं.

बरं, सगळंच खोटं कौतुक होतं असंही नाही. गिरणीत जन्म काढलेल्या फिटरला चांगलं काम कळतं. तबला आधी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखा यायचा, तो आता समोर येऊन बसला होता. सुई चांगली, वायरी चांगल्या, कबूल. पण मोटरला कुणी हात लावू नये, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

कारण रुक्मिणी, त्यांची बायको. तिची एक आवडती तबकडी होती, जुन्या भावगीताची. चाळीत भाकऱ्या थापताना ती लावायची आणि बरोबरीने म्हणायची. गळा काही गाणारणीचा नव्हता, पण त्या तबकडीत अगदी चपखल बसायचा. दुसऱ्या कडव्याच्या आधी थांबायची, भाकरी उलटायची, श्वास घ्यायची आणि गाण्याबरोबर पुन्हा उचलायची. ती जाऊन चार वर्षं झाली, तरी ह्या प्लेअरवर ते गाणं लागलं की दशरथना गाण्याच्या खालून तिचा आवाज ऐकू यायचा. तेच गाणं रेडिओवर लागलं, लग्नाच्या हॉलमध्ये लागलं, तर ती त्यात नसायची. असं का, ते त्यांना कधी उमगलं नाही. उमगायची गरजही वाटली नाही.

आणि ह्या रविवारी सर्वेशचा बोरिवलीचा दोस्त हर्षद नवी मोटर घेऊन दारात उभा.

"जुनी मी घेऊन जाईन," हर्षद म्हणाला. "सुटे पार्ट कामाला येतात."

नको म्हणा, नको म्हणा, असं दशरथांचं मन आतून ढोसत होतं. पण ज्याच्या घरचं अन्न खातो त्याला त्याच्या मित्रादेखत नको कसं म्हणायचं?

सर्वेशनेच वाट काढली. "बाबा, तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा. दोन्ही मोटरींवर तीच तबकडी लावतो. कुठली पहिली ते सांगणार नाही. जी आवडेल ती राहील. खरं सांगायचं हं, माझी शप्पथ!"

दशरथ पाठ करून बसले. सुई टेकली. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीला रुक्मिणी आली. आलीच! त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. मग चहा झाला, मागे स्क्रू ड्रायव्हर खटखटला, अर्ध्या तासाने तेच गाणं पुन्हा लागलं. स्वच्छ होतं, ठणठणीत होतं. आत कुणी नव्हतं.

"पहिली," दशरथ म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते मनातलं बोलले होते.

हर्षद हसला. "जुनी होती ती! नॉस्टॅल्जिया, काका."

सर्वेश मात्र रागावला नाही. त्याने जुनी मोटर परत बसवली, फेरे मोजणारं ॲप लावून ताटलीवर आपला मोबाइल ठेवला, ताटली फिरवली आणि स्क्रीन बघून ओरडला, "अरे यार! ही मिनिटाला एकतीस फेरेच मारतेय. तेहतीस पाहिजेत. बाबा, तुम्ही इतकी वर्षं गाणं हळू ऐकत होता! ताटली फिरवणारं मोटरचं रबरी चाक झिजलंय."

दशरथना सगळं उमगलं. रुक्मिणी ह्या झिजल्या चाकावर गाणं शिकली होती.

"असू दे तसंच," ते पुटपुटले.

"तसंच कसं? मोटर तुमचीच ठेवतो, वचन. फक्त चाक नवं टाकतो. तुमचंही राहिलं, स्पीडही बरोबर!"

हर्षदच्या पिशवीत चाक होतंच. दहा मिनिटांत बसलं. झिजलेलं चाक सर्वेशने तिथेच चिमटीत दाबून बघितलं, त्याचा भुगा झाला. किती मायेने करत होता तो हे सगळं! दशरथना ओरडावंसं वाटलं आणि ओरडता येईना.

गाणं सुरू झालं. सर्वेश समोर मांडी घालून बसला. "आता सांगा, बाबा."

शब्द ओठांवर आलाच होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरात चपात्या लाटत असलेली श्रुतिका गाण्याबरोबर म्हणू लागली, खालच्या पट्टीत, संथ. पहिलं कडवं संपेपर्यंत ती ओळभर मागे पडली. गाणं दुसऱ्या कडव्यात शिरलं तेव्हा ती थांबली होती, चपाती उलटत होती, श्वास घेत होती.

"अगं, किती मागे राहिलीस!" सर्वेश हसत ओरडला.

"मी बरोबरच म्हणतेय," ती आतून म्हणाली. "आई असंच म्हणायची."

दशरथ उठले. ह्या घरात आल्यापासून प्लेअरला त्यांनी स्वतः हात लावला नव्हता. त्यांनी दांडा उचलला. गाणं बंद झालं.

"काय झालं, बाबा? आवडलं नाही?"

"नाही," दशरथ म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "तू म्हण गो बाय. थांबू नको."