तातेराव सरांच्या पॅडची पाठ

"सुटलास का मेल्या! अन् तेबी आजच? जरा दोन तास चिकटून ऱ्हाय की गुमान."

मित्रांनो, ही बोलणी माझ्या पाठीवर चिकटवलेल्या कागदाला होती, मला नव्हती. पण कागद माझ्याच अंगावरचा, तेव्हा अर्धी मलाही लागली. बोलत होती सत्यशीला. दहावीची पोर, गाव धावडा. इतिहासाचा पेपर सुरू व्हायला पाच मिनिटं होती. परीक्षेच्या खोलीत बाकं नव्हती. सगळी पोरं सतरंजीवर मांडी घालून बसलेली, आणि मी सत्यशीलेच्या मांडीवर पालथा. ती अंगठ्यानं कागदाचा कोपरा दाबत होती. मार्चच्या उन्हानं कणकेची खळ वाळून गेली होती. अंगठा उचलला की कोपरा पुन्हा वर.

मी घाबरलो. का, ते कळायला माझी पाठ तुम्हाला माहीत पाहिजे.

मी एक जुना पॅड आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेला, पुढून गुळगुळीत, मागून गोणपाटासारखा खरखरीत, डोक्यावर लोखंडी क्लिप. १९८१ साली जालन्यात, मस्तगडच्या एका दुकानातून तातेरावांनी मला विकत घेतलं. तेव्हा ते सर नव्हते, दहावीचं भेदरलेलं पोर होते. माझा भित्रेपणा त्यांच्याच तळहातांच्या घामातून माझ्यात मुरला असावा.

इतिहास त्यांना तोंडपाठ. तिथंच घात झाला. पेपरात चार गुणांची एक टीप आली, अगदी येत असलेली. तातेराव जे सुटले, ते थांबेनात. लढाई लिहिली, लढाईच्या आधीचा तह लिहिला, तहाच्या आधीचं भांडणही लिहिलं. पुरवण्यांवर पुरवण्या. आठ पानं भरून त्यांनी समाधानानं मान वर केली, तेव्हा घंटा होत होती आणि पाच प्रश्न कोरे होते. तपासणाऱ्यानं आठ पानांचे चार गुण दिले असतील. पाचवा कुठून आणणार?

तातेराव नापास झाले. वडील म्हणाले, "समदं येत व्हतं म्हणतो, मंग नापास कसा झाला?"

याचं उत्तर तातेरावांनी माझ्या पाठीवर लिहिलं. कर्कटकाच्या टोकानं एकेक अक्षर कोरलं आणि त्यात निळी शाई भरली. दुखलं फार, पण पुन्हा पुसलं जाणार नाही असं झालं. 'आधी सगळा पेपर वाच, मग पेन उचल.' 'गुण बघून लिही. दोन गुणांना दोन मुद्दे, आठ पानं नव्हे.' हे 'नव्हे' त्यांनी दोनदा कोरलंय. 'जोड्या लावताना खात्रीच्या आधी लाव, घोळ आपसूक कमी होतो.' 'कारणे द्या म्हटलं की काय झालं ते सांगत बसू नको, का झालं ते सांग.' 'सन आठवेना तर खोटा सन ठोकू नको.' आणि अगदी खाली, जागा संपत आली तिथं, बारीक अक्षरात: 'भीती वाटली तर एक ओळ लिही. दुसरी येते.'

ऑक्टोबरात तातेराव पास झाले. पुढं बी.ए., बी.एड. केलं आणि धावड्यालाच इतिहासाचे सर होऊन आले. तेव्हा माझी काय ऐट! चाचणीच्या आदल्या दिवशी पोरं मला पाळीपाळीनं घरी न्यायची. माझी पाठ वहीत उतरवून घ्यायची. उतरवून झाली की उगीच एकदा हात फिरवायची, लहान मूल थोपटावं तसा. मग कोपरा फुगला, क्लिप गंजली आणि चार वर्षं मी ऑफिसच्या कपाटात फुटक्या पृथ्वीगोलाखाली पडून राहिलो. वाळवीचा आवाज ऐकलाय का कधी? मी ऐकलाय. शेजारच्या हजेरीपटापर्यंत आली होती.

१९९८ साली सरांनी मला बाहेर काढून सत्यशीलेच्या हातात दिलं. तोवर तिचा पॅड म्हणजे वह्यांच्या खोक्याचं झाकण होतं. तिचे वडील पुंजाराम यांनी घरात एकदाच सांगून टाकलं होतं, "ह्या बारीला पास निघाली, तर अंबडला मावशीकडं कॉलेजाला. न्हाई निघाली, तर शाळा बंद. मला दोनदा इचारू नका."

सरांनी तिला बजावलं, "पाठ आता तुला पाठच हाय. परीक्षेला नेताना वरून कोरा कागद चिकटव. पॅडवर काही लिहिलेलं चालत नाही." पोरीनं तसंच केलं. चांगल्या मनानं सांगितलेलं, चांगल्या मनानं केलेलं. त्यात आमच्या जिवावर बेतेल असं काही असेल, हे तिघांनाही सुचलं नाही.

परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावात होतं. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, तिथं अजून पोरं शिकतात. पण काय चालायचं ते सांगतो. कुणीतरी खिडकीखाली बसून उत्तरं चिठ्ठ्यांवर उतरवायचं. पाणी वाटायला कांताबाई होत्या. त्या पाण्याचा पेला द्यायच्या, आणि पेल्याच्या बुडाशी धरलेली चिठ्ठी पोरांच्या बोटांत जायची. मी मांडीवर, जमिनीच्या जवळ. मला पेल्याचं बूड नीट दिसायचं. खोलीवरचे रामकिसन सर त्या वेळी छताचा पंखा बघत. पंखा बंद असायचा.

पहिल्या पेपराला कांताबाई सत्यशीलेपाशी थांबल्या होत्या. सत्यशीला चिठ्ठी बघून हळूच म्हणाली, "नको मावशी. मला येतंय." कांताबाई चिठ्ठी पेल्याखाली तशीच धरून पुढं गेल्या.

इतिहासाच्या पेपराला सत्यशीलेनं आधी सगळा पेपर वाचला. मग पेन उचललं. जोड्या झाल्या, कारणं झाली. टीप लिहिताना तिचा हात जरा सैल सुटला, मग गुण बघून तिनं तो आवरला. मी मनात म्हटलं, शाब्बास! तेवढ्यात बाहेर शीळ वाजली आणि फाटकाशी जीप थांबली. भरारी पथक. कॉपी पकडायला अचानक येणारे साहेब.

खोलीत एकदम धांदल उडाली. कुणी चिठ्ठी खिडकीबाहेर टाकली, कुणी तोंडात कोंबली. उरलेल्या चिठ्ठ्या कांताबाईंनी पदरात गोळा केल्या. साहेब आत आले तेव्हा सगळी पोरं मान खाली घालून लिहीत होती. साहेबांनी खिसे तपासले, चपला उचलून पाहिल्या. काही मिळेना. त्यांचा चेहरा आंबट होत चालला. रिकाम्या हातानं परतायचं कुणालाच आवडत नाही.

साहेब आमच्यापाशी आले. माझ्या पाठीवरच्या कागदाचा कोपरा सुटून कडेबाहेर आला होता. सत्यशीला तो बोटानं खालून दाबत होती, आणि तेच दिसलं त्यांना.

त्यांनी मला उचललं. कागद ओढला. चर्रकन.

"हे काय आहे?"

"सर, ते उत्तरं न्हाईत. उत्तर कसं लिहायचं, ते हाय."

"पॅडवर लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय, सर."

"वरून कागद डकवलाय. लपवायचं नव्हतं, तर झाकलं कशाला?"

"ते आमचे..." सत्यशीलेनं ओठ मिटले. मला कळलं, सरांचं नाव तिनं गिळलं. नाव घेतलं तर सरांवर आलं असतं.

साहेबांनी पेन काढलं. "तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही. उत्तरपत्रिका आणा इकडं."

मित्रांनो, आयुष्यात मी कधी एवढा घाबरलो नाही. वाळवीलाही नाही. वाटलं, ओरडावं: अहो साहेब, पूर्ण वाचा! माझ्या पाठीवर एकही सन नाही, एकही राजा नाही, एकही तह नाही. वस्तू जुनी दिसली, झाकलेली दिसली, म्हणून अर्धी बघून निकाल देऊ नका. माणसाचंही तसं करू नका. पण मला तोंड नाही. ज्यांना तोंड होतं त्यांतलं एक पोर अजून गालातली चिठ्ठी विरघळायची वाट बघत होतं. रामकिसन सर पंख्याकडं बघत होते. सत्यशीला रडतही नव्हती. नुसती माझ्याकडं पाहत होती, जणू मीच काही बोलेन.

"साहेब."

कांताबाई दारात उभ्या होत्या. पदर मुठीत गच्च धरलेला.

"कांताबाई, तुम्ही पाण्याचं बघा," रामकिसन सर घाईनं म्हणाले.

"पाण्याचंच बघून राह्यले की सर, पहिल्या पेपरापासून." केंद्रावरचं हे काम गेलं तर दुसरं नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

साहेब वळले. "काय म्हणणं आहे बाई तुमचं?"

कांताबाईंनी मूठ सोडली. पदरातल्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या सतरंजीवर पडल्या.

"ह्या खोलीत समदेच कॉपी करून राह्यले, साहेब. सरायला ठावं हाय, गावाला ठावं हाय. चिठ्ठ्या मीच देते. ह्या एका पोरीनं घेतली न्हाई."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं, माझी पाठ वरपासून खालपर्यंत वाचली आणि मला सत्यशीलेच्या मांडीवर परत ठेवलं.