साक्ष दिलेली तसबीर

मी तसबीर आहे, आणि साधीसुधी नव्हे. तेलरंगातली, सोनेरी चौकटीची, दोन गड्यांनी उचलावी अशी. माझ्यात दूरच्या एका वाळवंटी गावाचा बाजार भरलेला आहे. उंट, तांब्याचे हंडे, गालिचे, आणि मधोमध पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी छताखाली खजूर विकणारी बाई.

एका गोऱ्या चिताऱ्याने मला काढलं, एका साहेबाने रत्नागिरीस आणलं. १९२६ साली साहेबाची बदली झाली, सामानाचा लिलाव झाला आणि आप्पा खोतांनी मला घेऊन दिवाणखान्यात टांगलं. पाहुणा आला की आप्पा छडीने दाखवत. "चितारी तिथे जाऊन बसला होता हो! सगळं जसंच्या तसं. एक रेघ खोटी नाही." पाहुणे उंट बघत, 'वा' म्हणत आणि पोह्यांकडे वळत. मीही फुलत असे. खोटं कशाला बोलू?

पाच वर्षांनी आप्पांनी मोटार घेतली. घरासमोरची बाजाराची जागा त्यांचीच. तिथल्या वडाखाली मासळीवाल्या बसत. उन्हाने मोटारीचा रंग उडतो म्हणून आप्पांनी मोटार सावलीत लावली आणि बायकांना उघड्या कातळावर बसवलं. ऐन चैत्रात!

चौथ्या दिवशी, मागच्या दाराला मासळी घालणारी बकुळा पुढच्या दाराने आत आली. टोपलीसकट. आप्पा पाहुण्यांना मलाच दाखवत होते.

"खोतांनू, ह्या बायच्या डोक्यावर सावलीला कापड कोणी बांधलान?"

"अगो, ते चित्र आहे! तू आत कशी आलीस?"

"आताच म्हणालात, एक रेघ खोटी न्हाय. मग कापडच तेवढं खोटं काय?" तिने टोपली खाली ठेवली. "ह्यो बांगडा बघा. सकाळी उसळत होता, आता डोळा पांढरा झाला. आमी उन्हात पदर घेतो. बांगड्याला पदर न्हाय, खोतांनू."

एक म्हातारे वकील इतके हसले की चहा धोतरावर सांडला. "आप्पा, वाळवंटातले लोक शहाणे निघाले की हो!"

आप्पा लालबुंद. "बसा उद्यापासून वडाखाली! मोटारीवर ताडपत्री घालीन."

जाताना बकुळा माझ्यासमोर थांबली. माझ्यातल्या बाईकडे निरखून म्हणाली, "बाय गो, तुला तोंड धड दिलान न्हाय. पण बोललीस बरी."

तेव्हा मलाही प्रथम कळलं. हंड्यांची चकाकी आठ दिवस घोटणाऱ्याने बाईचा चेहरा दोन फटकाऱ्यांत उरकला होता. इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आप्पांनी त्याच संध्याकाळी मला उतरवलं. आज सात वर्षं मी माळ्यावर आहे, भाताच्या कणग्यांशेजारी. चौकट वाळवीने पोखरली, उंटाचा पाय भेगाळला. कीव करू नका. दिवाणखान्यात मला शेकडोंनी पाहिलं. कामाला एकीनेच लावलं. वडाखाली बायका घासाघीस करतात, गिऱ्हाइकाला फटकारतात, ते मला इथवर ऐकू येतं.

कुणाला मला पुन्हा भिंतीवर लावायचं असेल तर खुशाल लावा. आधीच सांगून ठेवते, विचारलंत तर मी खरं तेच बोलेन.